घावण्यांसोबतची हिरवी चटणी दहा वाजेपर्यंत काळी का पडते

तारकर्लीच्या बाजूला चार खोल्यांचं घरगुती निवास-न्याहारी चालवणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. पहाटे ६ वाजता त्या कोथिंबीर-पुदिन्याची ओल्या नारळातली चटणी वाटून ठेवतात. पहिल्या पंगतीला ती हिरवीगार असते, १० वाजेपर्यंत मात्र काळपट, कडसर आणि पाणी सुटलेली दिसते. लिंबू वाढवून झालं, वरून तेल घालून झालं, बर्फही घालून झाला. हॉटेलवाल्यांची दिवसभर हिरवी कशी राहते, अचूक प्रमाण काय, आणि पाहुणे बाटलीत भरून मागतात तर द्यावी का, असं त्यांनी विचारलंय.

ताई, प्रमाण पुढे देते. पण तुमची अडचण प्रमाणाची आहे असं मला वाटत नाही. सहाला जी चटणी चांगली असते तिची कृती बरोबरच आहे. वाटण्याची वेळ आणि खाण्याची वेळ यांत जे चार तास जातात, त्यांत ती बिघडते. घरी पहिला घावणा तव्यावर पडला की आपण चटणी वाटायला बसतो आणि तिसऱ्या घावण्याला ती पानात असते. तुमच्याकडे स्कूबाला जाणारी मंडळी सातलाच ताटावर बसतात, आणि रात्री उशिरापर्यंत किनाऱ्यावर गप्पा मारलेली दहाला डोळे चोळत येतात. त्या दोघांना एकाच वाटणातली चटणी द्यायची म्हणजे ओली, कच्ची, चिरडलेली पानं चार तास हवेत ठेवायची. कोणतीही कोथिंबीर ते सहन करणार नाही.

मी वेंगुर्ल्याला खाणावळ चालवते. सकाळी घावणे-आंबोळ्या, दुपारी मासळीचं जेवण. त्यामुळे हिरवी चटणी माझ्याकडे रोज दोन कामांना लागते आणि दोन्ही वेळा वेगळी लागते. पुढचं सगळं त्या अनुभवातून सांगते. तुमचा फ्रिज किती थंड राहतो, वीज किती वेळा जाते, कोथिंबीर गावठी मिळते की घाटावरून येते, हे मला इथून दिसत नाही. त्यामुळे काही ठिकाणी "असं असेल तर हे" असंच सांगावं लागेल.

आधी एक गोष्ट पाहा. उद्या १० वाजता चटणी बिघडलेली दिसली की चमचा घालून खालपर्यंत ढवळू नका, एका बाजूने उकरा. वरचा थर तपकिरी-काळा आणि आत हिरवं असेल तर तो हवेचा परिणाम. पानं चिरडली की त्यांतली एन्झाइम्स मोकळी होतात, आणि हवेतला ऑक्सिजन मिळाला की पानांतल्या फिनॉल जातीच्या द्रव्यांना तपकिरी करून टाकतात. कापलेलं वांगं किंवा केळफूल काळं पडतं, त्यातलाच हा प्रकार. आणि वरपासून खालपर्यंत सगळी चटणी एकसारखी मळकट शेवाळी झाली असेल तर कारण वेगळं. पानांतल्या हरितद्रव्याच्या मधोमध मॅग्नेशियम असतं. आंबट किंवा उष्णता लागली की ते सुटतं आणि रंग झगझगीत हिरव्याचा शेवाळी होतो.

हे दोन वेगळे रोग आहेत, आणि एकाचं औषध दुसऱ्याला वाढवतं. लिंबू घातलं की काळं पडणं मंदावतं, कारण आंबटात ती एन्झाइम्स नीट काम करत नाहीत आणि लिंबातलं क जीवनसत्त्वही आड येतं. पण त्याच लिंबामुळे हळूहळू शेवाळी रंग येतो. म्हणून "लिंबू घातल्याने चटणी हिरवी राहते" हे पहिल्या काही तासांपुरतं खरं आहे. संध्याकाळपर्यंत किंवा दुसऱ्या दिवशीपर्यंत ते खरं राहत नाही. तुम्ही लिंबू वाढवत गेलात आणि रंग तरी बिघडला, यात काही नवल नाही. वर चटणी आंबट झाली असणार ती वेगळीच.

मग किती घालायचं? तीन-चार तासांत संपणाऱ्या चटणीला, एका जुडीला अर्ध्या लिंबाचा रस, आणि तो वाटतानाच. वाटून झाल्यावर वरून पिळलात तर तोवर अर्धं काळं पडणं सुरू झालेलं असतं. फ्रिजमध्ये दुसऱ्या दिवसासाठी ठेवायच्या वाटणात मात्र लिंबू अजिबात घालू नका. ते वाढताना घाला.

आता पुदिना. काळं पडण्यात सगळ्यांत पुढे तो. त्यात फिनॉल द्रव्यं भरपूर, पानं पातळ, आणि देठ कडू. तुम्ही कोथिंबिरीच्या बरोबरीने पुदिना घालत असाल तर तिथेच हात आवरा. चार मुठी कोथिंबिरीला एक मूठ पुदिना पुरे, आणि तोही फक्त पानं. देठ वाटणात गेले की कडसरपणा येतो. शिवाय पुदिन्याची पानं उकळत्या पाण्यात १० सेकंद बुडवून लगेच थंड पाण्यात टाका आणि घट्ट पिळून घ्या. एवढ्या उष्णतेने त्याची एन्झाइम्स बरीचशी निकामी होतात. काळं पडणं पूर्ण थांबत नाही, कारण कोथिंबीर कच्चीच असते, पण फरक डोळ्यांना दिसतो. पुदिन्याचा वास एवढ्यावर जात नाही. कोथिंबिरीचा मात्र जातो. तिचा कच्चा वास हाच चटणीचा जीव आहे, म्हणून लगेच खायच्या चटणीसाठी मी कोथिंबीर कधी उकळत्या पाण्याला दाखवत नाही.

कडूपणाची आणखी तीन-चार ठिकाणं असतात. तुऱ्याला आलेली कोथिंबीर हे पहिलं. मार्च उजाडला की गावठी कोथिंबीर भराभर फुलोऱ्याला येते, पानं बारीक दोऱ्यासारखी होतात आणि चव बदलते. ती जुडी वरणावर टाका, चटणीला घेऊ नका. दुसरं, लिंबाची बी. घाईत पिळताना एखादी पडली आणि मिक्सरमध्ये वाटली गेली की सगळं भांडं कडू. तिसरं लसूण. चिरडलेली लसूण पहिल्या अर्ध्या तासात झणझणीत लागते, मग तासागणिक उग्र होत जाते. सहाला घातलेल्या चार पाकळ्या दहाला सहा पाकळ्यांसारख्या लागतात. उशिरा खायच्या चटणीत मी लसूण अर्ध्यावर आणते. चौथं, करपलेलं जिरं. त्यापेक्षा कच्चं घाला.

कोवळे देठ मात्र टाकू नका. पुष्कळजणी फक्त पानं खुडतात. कोथिंबिरीच्या कोवळ्या देठांत वास पानांइतकाच असतो आणि ते घातल्याने चटणीला अंग येतं. मुळाकडचा जाड, तंतूचा भाग तेवढा काढा. देठ नखाने सहज तुटला तर घ्या, वाकला तर सोडा.

आता पाणी सुटण्याकडे वळते. माझ्या मते तुमच्या तीन तक्रारींत हीच सगळ्यांत मोठी आहे, कारण चटणी काळी पडण्याचं आणि बेचव होण्याचं एक मूळ इथेच आहे. जास्त पाणी म्हणजे मिक्सर जास्त वेळ फिरवावा लागतो, हवा जास्त मिसळते आणि चव पातळ होते, म्हणून पुन्हा मीठ-लिंबू वाढतं. पाणी तीन ठिकाणांहून येतं. धुतलेली कोथिंबीर नीट निथळलेली नसते, हे एक. मीठ पानांतून पाणी ओढत राहतं, हे दुसरं. आणि नारळ भरड राहिला की त्याचं दूध आणि चोथा वेगळे होतात, हे तिसरं.

निथळण्याचं सांगते. मूळ कापून जुडी मोकळी करा, मोठ्या टोपात भरपूर पाणी घ्या, त्यात कोथिंबीर बुडवून हलवा आणि पानं वरच्यावर उचला. टोप उपडा करून पाणी ओतलंत तर खाली बसलेली वाळू पुन्हा पानांवर येते. पाणी स्वच्छ दिसेपर्यंत हे करायचं. पावसाळ्यात तीन-चार पाणी सहज लागतात. मग चाळणीत अर्धा तास, आणि नंतर सुती पंच्यावर पसरून वरून दुसऱ्या पंच्याने टिपून घ्यायची. हे काम रात्री करून कोथिंबीर कोरड्या कापडात गुंडाळून डब्यात ठेवली, तर सकाळी फक्त वाटायचं उरतं. पहाटेच्या घाईत ओली कोथिंबीर थेट भांड्यात जाते, आणि पाणी सुटायला तिथेच सुरुवात होते.

नारळाचं थोडं जास्त सांगावं लागेल. आपल्याकडे नारळ घरचाच असतो म्हणून कोणी त्याकडे पाहत नाही. चटणीला जून नारळ हवा, हलवल्यावर आत पाणी वाजणारा. कोवळ्या नारळाच्या खोबऱ्यात पाणी जास्त आणि स्निग्धपणा कमी, त्याची चटणी सुटी होते. आडाळ्यावर खवताना करवंटीजवळची तपकिरी साल येऊ देऊ नका, तिने रंग आधीच मळतो. आणि फोडल्यावर एक तुकडा चावून पाहायची सवय ठेवा. थोडं खवट असलं तरी आमटीत खपून जातं, कच्च्या चटणीत लपत नाही. पहाटे नारळ फोडणं जमत नसेल तर आदल्या दिवशी खवून, एका वेळचं एक अशा छोट्या डब्यांत फ्रीझरमध्ये ठेवा. खवलेलं खोबरं गोठवल्याने बिघडत नाही. उलट थंडगार खोबरं मिक्सरमध्ये गेलं की बर्फाची गरजच राहत नाही. तुम्ही बर्फ घातलात त्यामागचा विचार योग्य होता, पण दोन खडे विरघळले की दोन-तीन मोठे चमचे पाणी वाढतं, ते कृतीतल्या पाण्यातून कमी केलं नसेल तर चटणी पातळ होणारच.

आता वाटण्याचा क्रम. एकच गोष्ट बदलायची असेल तर ही बदला. सगळं एकदम भांड्यात टाकून मिक्सर फिरवला तर मिरची आणि आलं बारीक होईपर्यंत कोथिंबीर नको इतकी वाटली जाते, भांडं कोमट होतं आणि फेस येतो. तो फेस म्हणजे चटणीत कोंडलेली हवा. मी आधी खोबरं, मिरच्या, आलं, लसूण, जिरं, डाळं, मीठ आणि साखर दोन चमचे थंड पाण्यात अगदी गुळगुळीत वाटून घेते. मिक्सरचा सगळा वेळ आणि सगळी उष्णता इथेच जाते. मग भांडं उघडून लिंबाचा रस घालायचा आणि कोथिंबीर आणि पिळलेला पुदिना दोन-तीन हप्त्यांत टाकत, थांबत थांबत फिरवायचं. पानं भांड्यात अर्ध्या-पाऊण मिनिटापेक्षा जास्त फिरता कामा नयेत. थोडी भरड राहिली तर राहू दे, घावण्यावर भरडच छान लागते. भांडं चटणीचं, लहान घ्या. मोठ्या भांड्यात थोडा ऐवज उडत बसतो आणि मग आपण पाणी घालतो.

पाट्यावर वाटलेली चांगली का लागते, हेही लोक विचारतात. पाटा तापत नाही, आणि पानं कापली जाण्याऐवजी चेचली जातात, त्याने तेल आणि वास वेगळ्या तऱ्हेने बाहेर येतो. पण पंचवीस माणसांच्या न्याहारीला पाट्यावर बसा असं मी कोणाला सांगणार नाही. खांदा आपलाच असतो.

प्रमाण घ्या. निवडून निथळलेली कोथिंबीर कोवळ्या देठांसह १०० ग्रॅम, म्हणजे बाजारातली एक भरलेली जुडी. पुदिन्याची पानं २० ते २५ ग्रॅम. ओलं खोबरं अर्धी वाटी दाबून. लवंगी मिरची असेल तर ३, लांब पोपटी असेल तर ५, पण पाहुण्यांत लहान मुलं असली तर याहून कमी. आलं अर्धा इंच. लसूण ३ पाकळ्या. जिरं अर्धा चहाचा चमचा. पंढरपुरी डाळं एक मोठा चमचा. मीठ पाऊण चहाचा चमचा, साखर अर्धा. अर्ध्या लिंबाचा रस. थंड पाणी दोन ते तीन मोठे चमचे, त्याहून जास्त नको. घावणे असतील तर एवढी चटणी सहा-सात जणांना पुरते.

डाळ्याबद्दल काहीजणी नाक मुरडतात, ती गाडीवरच्या सँडविचची चटणी असं म्हणतात. एक चमचा डाळं चवीत कळत नाही, पण सुटणारं पाणी धरून ठेवतं. दोन चमच्यांपुढे गेलात की मात्र चटणी पिठूळ होते. लगेच खायची असेल तर डाळं नको, उशिरा खायची असेल तर हवं, एवढा साधा हिशोब आहे.

आंबटाला लिंबूच हवं असं नाही. आपल्या भागात ऋतूप्रमाणे चांगल्या गोष्टी मिळतात. मार्च ते मे कैरी. सोललेल्या कोवळ्या कैरीचे दोन मोठे चमचे तुकडे, आणि लिंबू बंद. कैरीने चटणीला दाटपणाही येतो. थंडीत आवळा. एका जुडीला एक छोटा आवळा, बी काढून. क जीवनसत्त्व त्यात भरपूर, म्हणून काळं पडणं लिंबापेक्षाही चांगलं आवरतं, फक्त तुरटपणा झाकायला साखर चिमूटभर वाढवावी लागते. बिमलीचं झाड दाराशी असेल तर तिची आंबट फळं घाला, रंगाला धक्का नाही, पण ती रसाळ असल्यामुळे पाणी अजिबात घालू नका. चिंच आणि आंबोशी, म्हणजे वाळवलेली कैरी, रंग तपकिरी करतात. आणि आगळ कृपा करून हिरव्या चटणीत घालू नका. कोकमाचा लाल आणि कोथिंबिरीचा हिरवा मिळून चिखलाचा रंग होतो, आणि आगळात मीठ असतंच, त्यामुळे चटणी खारट होते ती वेगळी. आगळ सोलकढीला ठेवा.

आता तुमच्या दोन पंगतींची सोय. माझा सल्ला असा की एकदा वाटून चार तास टिकवण्याच्या मागे लागू नका, काम दोन भागांत तोडा. पहाटे खोबरं-मिरची-आल्याचं पहिलं वाटण दोन्ही पंगतींचं एकदम करून घ्या. त्यातलं अर्धं घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवा. पहिल्या पंगतीपुरती कोथिंबीर अर्ध्या वाटणात घालून चटणी तयार करा. साडेनऊला दुसरं वाटण बाहेर काढा, निथळून ठेवलेली कोथिंबीर घाला, अर्धा-पाऊण मिनिट मिक्सर फिरवा. ताजी चटणी तयार, आणि तुमची पाच मिनिटंही जात नाहीत. नऊला लाइट जाते अशी तुमच्याकडची रीत असेल तर हे जमणार नाही. मग दुसऱ्या पंगतीची चटणी सातला करा, छोट्या स्टीलच्या डब्यात काठोकाठ भरा, वरून चमच्याने सपाट करा, चमचाभर तेल पसरवा आणि झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवा. डब्यात रिकामी जागा राहिली की हवा राहिली. तुम्ही वर तेल घातलंत म्हणता, पण पाहुण्यांसमोरच्या उघड्या टोपात, जिथे दर दोन मिनिटांनी चमचा फिरतो, तिथे तेलाचा थर राहणारच कसा?

त्या टोपाचाही विचार करा. सगळी चटणी एकदम बाहेर मांडू नका. छोटा वाडगा ठेवा, संपला की दुसरा आणा. वाडगा बर्फ घातलेल्या परातीत ठेवलात तर अधिक चांगलं. चमचा कोरडा हवा, आणि घावण्याच्या ताटातला चमचा परत वाडग्यात जाऊ देऊ नका. ओलं खोबरं आणि कच्ची पानं, दोन्ही लवकर आंबणारी. बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवलेली चटणी मी वाढत नाही, आणि एप्रिल-मेच्या उकाड्यात एका तासावर. आंबूस वास येईपर्यंत थांबायचं नसतं, पाहुण्याचं पोट बिघडलं की तो बोटीवरून परत येऊन तुमचंच नाव घेणार.

फ्रिजमधून काढलेली नारळाची चटणी घट्ट आणि रवाळ लागते, त्याला घाबरू नका. खोबरेल तेल साधारण २४ अंशांखाली गोठतं, तेच खोबऱ्यातही होतं. वाढण्याआधी दहा मिनिटं बाहेर ठेवली की सैल होते. गरम पाणी घालून सैल करायला गेलात तर रंग जातो. फोडणी घालायची असेल तर तीही कोमट होऊ द्या. कडकडीत तेल जिथे पडतं तिथली चटणी क्षणात शेवाळी होते. घावण्यांसोबत तर मला फोडणी नकोच वाटते.

हॉटेलवाल्यांचं गुपित विचारलंत. काहीजण खरोखर थोडी थोडी वाटतात. काहीजण कोथिंबीर उकळत्या पाण्यातून काढतात. काहीजण पालक घालतात, उकळत्या पाण्यातून काढून पिळलेला, आणि त्यात गैर काही नाही. एका जुडीला सात-आठ पानं घातली तर रंग धरतो आणि चव फारशी बदलत नाही. काहीजण चिमूटभर सोडा टाकतात. सोड्याने आंबटपणा मरतो म्हणून हिरवा रंग टिकतो, पण चटणीला साबणासारखी चव येते, मग ती झाकायला मिरची वाढते. आणि काहीजण सरळ रंग टाकतात. तुमच्या पाहुण्यांना हॉटेलची चटणी हवी असती तर ते तुमच्या पडवीत बसले नसते. थोडी मंद हिरवी, पण वासाची चटणी द्या.

पावसाळ्याचं वेगळं बोलायला हवं, कारण जून ते सप्टेंबर हे सगळं गणित बदलतं. आपल्याकडच्या पावसात कोथिंबीर उभी राहत नाही, बहुतेक बेळगाव-कोल्हापूरकडून येते, आणि घाट उतरून येईपर्यंत जुडीच्या आतली पानं काळी पडलेली असतात. आणल्या आणल्या दोरा सोडून सडलेली पानं काढा. एक सडकं पान रात्रीत शेजारच्या दहा पानांना लागतं. धुऊ नका, कोरड्या कापडात गुंडाळून ठेवा, वापरण्याच्या आदल्या रात्री धुवा. फार महाग किंवा फार वाईट मिळाली तर कोथिंबीर अर्धी करून पानओव्याची चार-पाच पानं घाला, कुंडीत सहज वाढतो. वास जबरदस्त असतो, म्हणून चार-पाचच. किंवा हिरव्या चटणीचा हट्ट सोडून सुक्या खोबऱ्याची लसणीची चटणी द्या. दिवसभर वीज नसण्याच्या दिवसांत मी ओल्या नारळाची चटणी करतच नाही.

दिवाळीनंतर परिस्थिती उलटी. भात कापून झालेल्या मळ्यात, ओलीवर भाज्या लागतात आणि गावठी कोथिंबीर येते. पान लहान, देठ लालसर, वास दुरून येणारा. ती मिळेल तेव्हा पुदिना घालूच नका आणि खोबरंही कमी करा. परसात जागा असेल तर थंडीत स्वतःच लावा. धणे हलके रगडून दोन फाकांत फोडून पेरायचे, दीड महिन्यात काढणीला येते.

दुपारच्या मासळीलाही हीच चटणी चालेल का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल. भरलं पापलेट करत असाल तर चटणी कोरडी हवी. पाणी अजिबात नाही, खोबरं निम्मं, लसूण दुप्पट, डाळं नको. तव्यावर रंग जाणारच आहे, त्यामुळे तिथे हिरवेपणासाठी काहीही करू नका. सकाळची उरलेली, थोडी काळपट झालेली पण फ्रिजमध्येच राहिलेली चटणी या कामाला उत्तम. तीही उरली तर थालीपिठाच्या पिठात मळून टाका. कडसर झाली असेल तर पापलेटात घालू नका, तळल्याने कडूपणा जात नाही. चिमूटभर साखर आणि मूठभर खोबऱ्याने तो थोडा दबतो, एवढंच.

राहिली बाटली. देऊ नका. कुडाळहून मुंबईपर्यंत कोकणकन्येत अख्खी रात्र जाते, ओल्या नारळाची चटणी एवढा वेळ बाहेर टिकत नाही, आणि प्लास्टिकच्या बाटलीत झाकण घट्ट असलं तर आंबून फुगते. फारच आग्रह झाला तर खोबरं-लिंबू-लसणाशिवाय हिरवं वाटण बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवा. यासाठी मात्र कोथिंबीरसुद्धा १० सेकंद उकळत्या पाण्यातून काढावी लागते, नाहीतर फ्रीझरमध्येही रंग उतरत राहतो. गाडीने जाणाऱ्या पाहुण्यांकडे बर्फाची पेटी असेल तर त्यातल्या वड्या द्या आणि सांगा, घरी गेल्यावर ताजं खोबरं आणि लिंबू घालून फिरवा. रेल्वेने जाणाऱ्यांना सुकी लसूण-खोबऱ्याची चटणी द्या. ती आठवडाभर सहज राहते, दोन पैसे जास्तही मिळतात, आणि त्यांचा मुंबईहून तक्रारीचा फोन येत नाही.